मॅडमचे मिस्टर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक अनंतराव घरी आले आणि त्यांनी मला विषय दिला तो असा : "सर, तुम्ही आयुष्यभर भविष्य सांगितलंत. त्यातलं खरं किती ठरलं, खोटं किती ठरलं, ते लिहा. वाचकांना मजा येईल." मी हो म्हटलं. ते गेल्यावर टेबलाशी बसून पहिलं वाक्य लिहिलं, तर ते उषाबद्दलचं निघालं. खोडलं. दुसरं लिहिलं, तेही तिचंच. मग खोडणं सोडून दिलं.

उषा माझी पत्नी. मागच्या वर्षी उन्हाळ्यात ती आजारानं गेली. आम्ही दोघंही फिजिक्सचे. मी डिग्री कॉलेजात शिकवलं, वर्तमानपत्रात विज्ञानाचं सदर चालवलं, गावोगाव व्याख्यानं दिली, टीव्हीवर गेलो. तिनं हैदराबादच्या दिलसुखनगरमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवलं. बाकी काही केलं नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बरकतपुऱ्यातल्या आमच्या जिन्याच्या पायरीपायरीवर तिचे विद्यार्थी बसले होते. आत जागा नव्हती. केस पांढरे झालेलेही होते, ओठांवर मिसरूड फुटत असलेलेही. बुद्धवंदना झाल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे आले, हात जोडले आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या बायकोला हळू आवाजात म्हणाले, "हे मॅडमचे मिस्टर."

या शहरात मला ऑटोवाले ओळखतात. एकदा नारायणगुड्याच्या चौकात एकानं आरशातून मला न्याहाळून विचारलं होतं, "साब, परसों आपकू टीवी पे देखा मैं. सूरज-गिरहन का बोल रहे थे आप." तो कार्यक्रम होऊन बरीच वर्षं झाली होती. पण हैदराबादेत 'परसों' म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. आमच्या मराठीतही तो 'परवा' होऊन शिरलेला आहे. ज्या गावात सगळा भूतकाळ एका परवात मावतो, तिथं मी भविष्याची वर्षं मोजून सांगण्याचा धंदा केला. लोकांनी तो गोड मानून घेतला. आणि आता माझ्याच घरात मी मॅडमचा मिस्टर झालो होतो.

मत्सर हा शब्द पुस्तकी वाटतो. आमच्या आईच्या भाषेत सांगायचं तर मी जळत होतो. बायकोच्या पुण्यानुमोदनाला नवऱ्यानं जळावं हे लिहायला बरं दिसत नाही. पण अनंतरावांना खरंखोटं हवं होतं, आणि त्यातलं खरं हे आहे. त्या जिन्यावर बसलेल्या प्रत्येकापाशी उषाचं असं काहीतरी होतं जे माझ्यापाशी नव्हतं. ते काय होतं, हेदेखील मला माहीत नव्हतं.

आधी धंद्याचं सांगतो.

माझे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीला काचीगुड्याला आले. आमच्या घरात पत्रिका कोणाची कधी झाली नाही. जन्मवेळ आईला विचारली तर ती म्हणायची, "पाणी भरून झालं होतं." अशा घरातला मुलगा भविष्य सांगणारा व्हावा यात थोडी गंमत आहे. सुरुवातीची काही वर्षं मी संशोधन केलं. काचेवर धातूचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि त्यातून वीज कशी वाहते ते मोजायचं. काम बरं होतं, पण ते समजणारी माणसं फार थोडी, आणि तीही उत्तरं पाठवत नसत. मग एका संपादकानं 'पुढं काय होणार' असा लेख मागितला. लेख छापून आला आणि घरी पोस्टमन थैली घेऊन येऊ लागला. तिथून मी परतलो नाही.

लोकांना वाटतं, शास्त्रज्ञ पुढचं जाणतो. फिजिक्स पुढचं सांगतं हे खरं, पण फार निवडक. ग्रहण सांगेल, अगदी नेमकं. आठवड्याची हवा सांगेल, चाचपडत. माणूस उद्या काय करील, हे मुळीच सांगणार नाही. आणि सभागृहात बसलेल्या लोकांना नेमकं तेवढंच हवं असतं. या दोहोंच्या मधल्या जागेत माझा धंदा चाले.

त्याची एक हातोटी असते. पाच वर्षांनी अमुक होईल म्हणालात, तर लोक ध्यानात ठेवतात आणि भेटले की विचारतात. शंभर वर्षांनी म्हणालात, तर जांभई देतात. पंचवीस हा चांगला आकडा. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण असू. सांगणाऱ्याला वाटतं, आपण नसू. माझी काही भाकितं लागली. फोनवर चेहरा दिसेल म्हणालो होतो, दिसला. पत्रं बंद होतील म्हणालो होतो, झाली. माझ्या घरी येणारी थैलीही त्यांतच गेली. काही साफ पडली. प्रत्येक गच्चीवर सूर्यचूल असेल असं मी छातीठोकपणे सांगायचो. आमच्या गच्चीवर शेवटपर्यंत पापडच वाळत होते.

मी बोलका माणूस नाही. माझं प्रत्येक व्याख्यान आधी लिहिलेलं असे, विनोदासकट. कुठं थांबायचं, कुठं पाणी प्यायचं, तेही पाठ असे. उषा मात्र काहीच लिहून नेत नसे. हातात खडू आणि पर्समध्ये एखादी विचित्र वस्तू, कधी भोवरा, कधी रबरी बूच. ती पहिल्या रांगेत बसून माझी व्याख्यानं ऐकायची. ती ज्या विनोदाला हसली नाही तो मी पुढच्या वेळी काढून टाकायचो.

हिमायतनगरच्या हॉलमधला प्रसंग अजून आमच्या मंडळात सांगितला जातो. व्याख्यानाला मी नाव दिलं होतं 'विज्ञान आणि आपलं भविष्य'. फळा लिहिणाऱ्या कार्यकर्त्याला जागा पुरली नाही म्हणून त्यानं 'विज्ञान आणि' गाळलं. राहिलं ते असं : 'आपलं भविष्य. वक्ते : सुप्रसिद्ध प्राध्यापक. वेळ सायंकाळी.' हॉल कधी नव्हे तो भरला. मी यंत्रमानवावर बोलत होतो आणि समोर बायका पिशव्यांतून गुंडाळलेल्या पत्रिका काढत होत्या. व्याख्यान संपताच रांग लागली.

पहिल्या होत्या त्या कुसुमताई नावाच्या वयस्क बाई. त्यांनी पत्रिका माझ्यापुढं धरली. "साहेब, पोराची आहे. बाहेरदेशी गेलाय. परत येईल का, तेवढं बघा."

मी म्हणालो, "ताई, मी ज्योतिषी नाही. याबद्दल विज्ञान काही सांगू शकत नाही."

"मग बाहेर फळ्यावर कशाला लिहिलं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, घाई करू नका, सर आधी गणित मांडतात." सगळे हसले. माझं पाठ केलेलं संपलं होतं.

तेवढ्यात उषा उठली, कुसुमताईंना हाताला धरून तिनं खिडकीपाशी नेलं आणि दोन खुर्च्या ओढल्या. मी रांगेतल्या लोकांना समजावत राहिलो. डोळे मात्र खिडकीकडे. बऱ्याच वेळानं कुसुमताई परत आल्या, पत्रिका पिशवीत घातली आणि मला म्हणाल्या, "मॅडमनी चांगलं सांगितलं."

घरी येताना मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"मी कुठं काय सांगितलं? तो फोनवर काय बोलतो ते विचारलं. त्याच सांगत होत्या."

"पण त्या म्हणाल्या, चांगलं सांगितलं."

"अहो, मग तुम्हाला वाईट का वाटतंय?" ती म्हणाली आणि हसली. त्यानंतर दर उन्हाळ्यात कुसुमताईंकडून लोणच्याची बरणी येई. बरणीवर नाव उषाचं.

माझं सगळ्यात गाजलेलं भाकीत असं होतं : पंचवीस वर्षांनी शिक्षक लागणार नाहीत, प्रत्येक मुलाला त्याचं यंत्र शिकवील. हे वाक्य मी फार ठिकाणी म्हटलं. पालकांना आवडे, संस्थाचालकांना त्याहून जास्त. उषानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती पहिल्या रांगेतच होती. बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाली, "मग तोवर मी शिकवून घेते."

आणि खरोखर तिनं तेवढंच केलं.

तिच्या वर्गात मी कधी गेलो नाही, कारण तिनं येऊ दिलं नाही. एकदा तिचा चष्मा घरी राहिला म्हणून मी दिलसुखनगरला गेलो. कपड्यांच्या दुकानावर दुसरा मजला, अरुंद जिना, दोन्ही भिंतींवर पास झालेल्या मुलांचे फोटो. दाराशी वॉचमन होता. तो टीव्ही बघणारा असावा, चटकन उभा राहिला. पण दार उघडेना.

"सर, अंदर नक्को. मॅडम बोलके रखे, कोई भी आया तो क्लास के बाद."

"अरे, मी त्यांचा—"

"मालूम सर. आपका नाम लेकेच बोले."

मी चष्मा हातात घेऊन बाहेर उभा राहिलो. आत अगदी शांतता होती. मग उषाचा आवाज आला, एकच शब्द, नीट कळला नाही. मग सगळी मुलं एकदम ओरडली. मग पुन्हा शांतता, आणि पाठोपाठ असा हशा उसळला की दाराची काच थरथरली. माझ्या कुठल्याही व्याख्यानात, नेमक्या जागी पेरलेल्या कुठल्याही विनोदाला, लोक असे हसले नव्हते. आणि ही मुलं तर फिजिक्सला हसत होती.

घरी मी तिला म्हटलं, "माझं नाव घेऊन सांगितलंस वॉचमनला?"

"हो. तुम्ही आत आलात की मुलं तुमच्याकडे बघतील."

"मग बघू दे. मी काय परका आहे?"

"परके नाही. पाहुणे आहात," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून जवळ बसली. "असं बघा. तुम्ही पंचवीस वर्षांनंतरचं सांगता. तुम्हाला पकडणार कोण? मी पुढच्या मिनिटाचं सांगते. माझी पोरं मला तिथल्या तिथं पकडतात. त्या वर्गात आम्ही सगळे चुकत असतो. तिथं टीव्हीवरचा माणूस बसला की कोणी चुकायला तयार होणार नाही."

तिचं बरोबर होतं, म्हणून मला ते जास्त लागलं.

आजारपणात तो वर्गच आमच्या घरी येऊ लागला. त्यांत श्रावणी नावाची मुलगी नेहमीची. ती उषाची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच क्लासमध्ये तिच्या जागी शिकवत होती. नलगोंड्याकडची, बोलणं तेलुगू आणि हिंदी. मराठी उषाकडून उचललेलं, तेही 'बसा', 'जेवलात का' एवढंच. ती उषाच्या उशाशी बसायची आणि दोघी हातांनी काहीतरी करायच्या. एक हात आडवा, एक तिरपा, मग दोघी खुदकन हसायच्या. मी चहा घेऊन गेलो की श्रावणी उठून उभी राही. "नमस्ते सर." आणि गोष्ट थांबे.

"काय चाललंय?" मी विचारायचो.

"काही नाही हो. वर्गातलं," उषा म्हणायची.

औषधं मी द्यायचो. डॉक्टरांशी मी बोलायचो. तिला उचलून खुर्चीत मी बसवायचो. पण जो विषय आम्हा दोघांचा, ज्यामुळे आमची ओळख झाली, त्यातलं तिचं शेवटचं बोलणं त्या मुलीशी झालं. मी स्वयंपाकघरात उभा राहून कपबशा विसळत तिचं हसू ऐकायचो. आजारी बायको हसते आहे याचा आनंद व्हायला हवा होता. होतही होता. त्याच्या खाली दुसरं काहीतरी कढत असायचं.

उषाला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा श्रावणी पुन्हा घरी आली. हातात फुलं नव्हती, मिठाई नव्हती. कोणाकडे जाताना असलं काही न्यायचं नाही, तेवढं ती उषाकडून शिकली होती. म्हणाली, मॅडमच्या आठवणीसाठी क्लासमध्ये कार्यक्रम करतोय, मी चीफ गेस्ट म्हणून यावं. "सर, आप फ्यूचर पे बोलिए. बच्चे लोग बहुत खुश होंगे."

मी खरोखर व्याख्यान लिहायला घेतलं. तेच, शिक्षकांशिवायच्या वर्गाचं, जरा वळण देऊन. दोन पानं झाल्यावर वाचून बघितलं आणि मला त्या पानांत उषाची रिकामी पहिली रांग दिसली. कुठला विनोद ठेवायचा, कुठला काढायचा, हे सांगणारं कोणी नव्हतं. मी श्रावणीला फोन केला.

"मला बोलायचं नाही," मी हिंदीत म्हणालो. "मला वर्गात बसायचं आहे. मॅडम घ्यायच्या तसा एक तास तू घे. मी बाकावर बसेन."

मला वाटलं, हीही आता नाही म्हणणार. मी तर तिला दिलेलंही काही नव्हतं, चहाखेरीज.

पण ती म्हणाली, "सर, बैठिए. लेकिन क्लास में बैठे तो मॅडम के रूल सबको लागू. आपको भी."

"लागू."

"पक्का?"

"पक्का."

वॉचमननं या खेपेला दार उघडून धरलं. वर्ग अरुंद होता, पंखे जुने. मला पुढची खुर्ची दिली होती. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. गुडघे बाकाला टेकत होते. शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिनं मला निरखलं आणि दप्तर जरा आपल्याकडे ओढून जागा केली.

श्रावणीनं टेबलावर विजेच्या वायरीचं मोठं रिकामं रीळ आडवं ठेवलं. दोन बाजूंना दोन चकत्या, मधल्या दांड्यावर लाल दोरी गुंडाळलेली. दोरीचं मोकळं टोक दांड्याच्या खालच्या बाजूनं बाहेर काढून तिनं हातात धरलं आणि ती टेबलापुढं, आमच्या बाजूला उभी राहिली.

"मैं दोरी खींचूँगी. रीळ मेरी तरफ आएगा या दूर जाएगा? पहले बोलो."

एकच शब्द, जो मला काचेमागून कळला नव्हता, तो बहुधा हाच, 'बोलो'. मुलं एकदम ओरडू लागली, कोणी आगे, कोणी पीछे, कोणी तेलुगूत. श्रावणी एकेकाकडे बोट करत होती आणि ज्याच्याकडे बोट जाई त्यानं एका शब्दात सांगायचं. बोट माझ्यापर्यंत आलं.

मला उत्तर ठाऊक होतं. दोरी आडवी ओढली तर रीळ ओढणाऱ्याकडे येतं. दोरी बरीच उभी धरली तर ते उलट पळतं. म्हणून मी म्हणालो, "दोरी किस कोण में है, उस पर—"

सगळा वर्ग हसला. शेजारची मुलगी माझ्याकडे झुकून दबक्या आवाजात म्हणाली, "सर, 'उस पर' नहीं चलता यहाँ. एकच बोलो."

मी दोरीकडे बघितलं. पण ती नेमकी माझ्याच दिशेनं धरलेली होती. समोरून बघणाऱ्याला हात किती वर आहे ते दिसतं. पण टेबलापासून किती पुढं आहे ते दिसत नाही, म्हणून दोरीचा तिरपेपणा कळत नाही. इतक्या वर्षांत मी लोकांना किती गोष्टी सांगितल्या. पण या क्षणी, सगळ्यांच्या देखत, पुढच्या मिनिटाचं एक उत्तर द्यायचं होतं.

"आगे," मी म्हणालो. "मॅडमकडे."

श्रावणीनं दोरी ओढली. रीळ थरथरलं, आणि तिच्यापासून दूर, फळ्याच्या दिशेनं गडगडत गेलं.

हशा उसळला. तोच, काच हलवणारा. पण त्यात टोमणा नव्हता. 'पीछे' म्हणणारी मुलं बाकांवर हात आपटत होती आणि 'आगे' म्हणणारी तोंड लपवण्याऐवजी खुशीत उठून उभी राहिली होती. मला कळेना.

"उठिए सर," शेजारची मुलगी म्हणाली. तीही उठली होती. "जो गलत बोला वो सामने जाता. जो सही बोला वो बैठके देखता."

"असं का?"

"मॅडम का रूल. सही वाले को तो आता ना. उसकू देके क्या करना?"

आम्ही चुकलेले सगळे टेबलापाशी रांगेत उभे राहिलो. सर म्हणून मला पहिलं जाऊ दिलं. श्रावणीनं दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि माझं मनगट धरून थोडं वर उचललं. "ऐसे पकड़ते थे मॅडम." मी ओढलं, रीळ लांब पळालं. ती मनगट खाली आणत गेली. रीळ वळून माझ्याकडे येऊ लागलं. आणि वरखाली करताना मध्येच एक जागा अशी सापडली की रीळ ना इकडे गडगडलं, ना तिकडे. दोरी ताणलेली, हात स्थिर, आणि ते जागच्या जागी थांबून राहिलं.

एक हात आडवा, एक तिरपा. याला त्या दोघी हसत होत्या.

मी पुन्हा हात वर नेला, पुन्हा खाली आणला, पुन्हा ती जागा शोधली. मागे रांग चुळबुळत होती.

"सर, मेरी बारी," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "मैं भी गलत बोली."

"हौ, हौ, एक मिनिट," मी म्हणालो, आणि दोरी सोडली नाही.